उंदराची साक्ष आणि आपले ताट

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे बालाघाटच्या परिसरातील, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरील गाव. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही रब्बीची ज्वारी घरात आली की तिच्या मागोमाग उंदीर येतो. पूर्वी धान्य कणगीत, बळदात किंवा पेवात साठवले जाई. आज ते पत्र्याच्या कोठीत किंवा पोत्यांत असते. साठवण बदलली, उंदीर मात्र तोच आहे. जैन कुटुंबात त्याच्यासाठी विष ठेवण्याची रीत नाही. रात्री पिंजरा लावला जातो आणि सकाळी घरातील कोणीतरी तो गावाबाहेर नेऊन त्याचे दार उघडतो. धान्याचे नुकसान टळते आणि जीवही वाचतो.

या उंदराचा एक भाऊबंद प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात राहतो. त्याच्या पिंजऱ्याचे दार शिवारात उघडत नाही. गेल्या दोन दशकांत या मूक प्राण्याने एका अशा प्रश्नावर साक्ष दिली आहे, जो आज शहरातच नव्हे तर खेड्यातील घराघरांतही पोहोचला आहे. तो प्रश्न मधुमेहाचा आणि अकारण वाढणाऱ्या वजनाचा. दोन भाऊ एकाच स्वयंपाकघरात जेवतात, एकाच दुकानात बसतात. मग एकाचे शरीर सडपातळ राहते आणि दुसऱ्याची साखर चाळिशीतच का वाढते? यामागे आनुवंशिकता आहे, श्रमाचा अभाव आहे, वयही आहे. परंतु यांच्या जोडीला आणखी एक घटक असल्याचे उंदराने दाखवून दिले. तो घटक म्हणजे आतड्यातील जिवाणू.

या साक्षीचा अर्धाच भाग ऐकून अनेक जण जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूल विकत घेऊ लागले आहेत. म्हणून ती साक्ष पूर्ण ऐकणे अगत्याचे आहे.

न जुळणारा ताळेबंद

मानवी शरीरातील जिवाणूंची संख्या किती, याचा काळजीपूर्वक हिशेब इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला. त्यांच्या अंदाजानुसार एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, तर शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या जिवाणूंचे एकूण वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात वस्ती करून असतात. आपल्या पाचकरसांना न जुमानणारा धान्याचा व भाज्यांचा चोथा तेथे पोहोचतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यापासून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट अशी लहान मेदाम्ले तयार करतात. ही मेदाम्ले शरीर शोषून घेते. म्हणजे जे आपल्याला पचत नाही, त्यातूनही हे भाडेकरू थोडे उत्पन्न काढून मालकाच्या खात्यात जमा करतात.

हे उत्पन्न किती महत्त्वाचे, हे समजण्यासाठी जिवाणू असलेल्या प्राण्याची तुलना जिवाणू नसलेल्या प्राण्याशी करावी लागते. माणसात ते शक्य नाही. उंदरात ते शक्य झाले. शस्त्रक्रियेने जन्माला आणलेली पिल्ले पूर्णतः निर्जंतुक अशा बंदिस्त कक्षात वाढवायची, त्यांना निर्जंतुक केलेले अन्न, पाणी आणि हवा द्यायची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी १९२८ पासून हे तंत्र विकसित केले. अशा उंदराला ‘जंतुमुक्त उंदीर’ म्हणतात. त्याचे आतडे कोऱ्या वहीसारखे असते. तिच्यात संशोधक हवी ती एकच नोंद करून तिचा परिणाम पाहू शकतो.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन आणि फ्रेड्रिक बॅकहेड यांनी २००४ मध्ये या तंत्राचा उपयोग केला. त्यांना आढळले की सामान्य उंदीर जंतुमुक्त उंदरापेक्षा २९ टक्के कमी खात असूनही त्याच्या अंगात ४२ टक्के अधिक मेद होता. पुढे जंतुमुक्त उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जिवाणू देण्यात आले. केवळ १४ दिवसांत त्यांचा मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, इन्सुलिनचा प्रभाव मंदावला, आणि हे सर्व पूर्वीपेक्षा कमी खाऊन घडले.

जो जितके खाईल तितके त्याच्या अंगी लागेल, हा आपला साधा हिशेब. येथे जमेची बाजू घटली असता शिल्लक वाढली. ताळेबंद जुळेना, कारण एक भागीदार वहीत नोंदवलेलाच नव्हता. जिवाणूंमुळे अन्नातून अधिक शर्करा शोषली जात होती. शिवाय उपवासाच्या काळात मेदाची साठवण रोखून धरणारे एक प्रथिन आतड्यात तयार होते. जिवाणूंनी त्या प्रथिनाची निर्मिती दाबून टाकली होती. परिणामी मेदपेशींत साठवण वाढली.

एकेका जिवाणूची परीक्षा

शेकडो जातींच्या गर्दीत कोणता जिवाणू काय करतो, हा पुढचा प्रश्न होता. बक सॅम्युअल आणि गॉर्डन यांनी २००६ मध्ये जंतुमुक्त उंदरांना मोजकेच सूक्ष्मजीव दिले. ‘बॅक्टेरॉइडीस थीटायोटाओमायक्रॉन’ हा वनस्पतींतील जटिल शर्करा फोडण्यात तरबेज असलेला जिवाणू. त्याच्या जोडीला ‘मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी’ हा मिथेन वायू निर्माण करणारा सूक्ष्मजीव देण्यात आला. गोबरगॅसच्या टाकीत जे काम चालते, त्याच जातीचे काम हा सूक्ष्मजीव आपल्या आतड्यात करतो. पहिल्याने आंबवण्यातून टाकलेला पदार्थ दुसरा वापरून संपवतो. त्यामुळे पहिल्याचे काम अधिक वेगाने चालते. ज्या उंदरांत ही जोडी होती, त्यांच्या अंगात एकट्या जिवाणूच्या उंदरांपेक्षा अधिक मेद साठला. एकाच जिवाणूचे काम शेजाऱ्यानुसार बदलते, हा या प्रयोगाचा पहिला धडा.

दुसरा जिवाणू अधिक प्रसिद्धीस आला. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे २००४ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या जिवाणूस ‘अकरमॅन्सिया म्युसिनिफिला’ असे नाव मिळाले. आतड्याच्या आतील बाजूस असलेल्या बुळबुळीत थरावर तो जगतो. बेल्जियममधील पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्थूल व मधुमेही उंदरांत तो कमी झालेला आढळला. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की मेदयुक्त आहारावरील उंदरांना हा जिवंत जिवाणू दिल्यास मेद कमी होतो आणि इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो. तीव्र उष्णतेने मारलेल्या जिवाणूने हा परिणाम साधला नाही. मात्र २०१७ मध्ये नवल घडले. ७० अंशांवर ३० मिनिटे तापवून, म्हणजे पाश्चरीकरण करून दिलेल्या जिवाणूचा परिणाम टिकून राहिला, किंबहुना काही बाबतींत अधिक चांगला आढळला. कारण त्याच्या बाह्य आवरणावरील एक प्रथिन त्या तापमानाला नष्ट होत नाही आणि तेच बरेचसे काम करते.

२०१९ मध्ये हा प्रयोग माणसांत झाला. वजन अधिक असलेल्या ३२ स्वयंसेवकांनी तीन महिन्यांचा हा अभ्यास पूर्ण केला. पाश्चरीकरण केलेला जिवाणू घेणाऱ्यांत इन्सुलिनचा प्रभाव सुधारला आणि रक्तातील कोलेस्टेरॉल काहीसे उतरले. वजनातील घट मात्र अल्प होती, संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरेल इतकी नव्हती. उंदरात जे ठळक अक्षरांत लिहिलेले दिसले, ते माणसात बारीक अक्षरांत दिसले.

ताटाविना जिवाणू पांगळा

सेंट लुईसच्याच प्रयोगशाळेतून २०१३ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या निवडण्यात आल्या, ज्यांत एक सडपातळ व दुसरी स्थूल होती. त्यांचे आतड्यातील जिवाणू जंतुमुक्त उंदरांना देण्यात आले. स्थूल बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत अधिक मेद साठला. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदरांना परस्परांची विष्ठा खाण्याची सवय असते. त्या मार्गाने सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरात शिरले, तेथे त्यांनी वस्ती केली आणि त्याचा मेद वाढू दिला नाही.

इतक्यावर गोष्ट संपली असती, तर सडपातळ माणसाचे जिवाणू घ्यावेत आणि निश्चिंत व्हावे, असा सोपा निष्कर्ष निघाला असता. परंतु हा लाभ कमी मेद व भरपूर तंतुमय पदार्थ असलेल्या आहारावरच मिळाला. ज्या आहारात संपृक्त मेद अधिक आणि फळे-भाज्या अल्प होत्या, त्या आहारावर सज्जन शेजारी असूनही उंदीर स्थूल झाला. हितकर जिवाणूंना त्या ताटात राहण्यासारखे काही उरलेच नव्हते.

हीच गोष्ट ‘प्रिव्होटेला कोप्री’ या जिवाणूच्या बाबतीत अधिक स्पष्ट होते. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘सेगाटेला कोप्री’ असे बदलले आहे. येथे जुनेच नाव वापरले आहे. स्वीडनमध्ये २०१५ साली निरोगी व्यक्तींना तीन दिवस जवाच्या अखंड दाण्यांचा पाव देण्यात आला. ज्यांची रक्तशर्करा त्यानंतर सुधारली, त्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला अधिक होता. मग हा एकच जिवाणू नेहमीच्या धान्ययुक्त खाद्यावरील उंदरांना दिला असता त्यांची साखर पचवण्याची क्षमता सुधारली आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा वाढला. जिवाणूला प्रशस्तिपत्र मिळाले.

अवघ्या एका वर्षाने, २०१६ मध्ये, डेन्मार्कच्या संशोधकांनी नेमका उलट निकाल दिला. मधुमेह नसलेल्या २७७ व्यक्तींचा अभ्यास करताना त्यांना आढळले की इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरांत काही विशिष्ट अमिनो आम्ले रक्तात अधिक असतात आणि ती तयार करणाऱ्या जिवाणूंत प्रिव्होटेला कोप्री प्रमुख आहे. पडताळणीसाठी तो उंदरांना दिला. त्यांच्या रक्तात ती अमिनो आम्ले वाढली आणि इन्सुलिनचा प्रभाव घटला.

एकच जिवाणू, तोच प्राणी; एकीकडे हितकर्ता आणि दुसरीकडे अपकारी. दोन्ही प्रयोग नामांकित संस्थांतील आणि दोन्ही काटेकोर. मग खरे काय मानावे? दोहोंतील एक ठळक फरक उंदरापुढे ठेवलेल्या खाद्यात आहे. स्वीडनच्या उंदराचे खाद्य धान्याचे, तंतुयुक्त होते. डेन्मार्कच्या उंदराचे खाद्य मेदाने भरलेले होते. शिवाय प्रिव्होटेला कोप्री ही एकच एकजिनसी जात नसून तिच्यात निदान चार वेगवेगळ्या शाखा आहेत, हेही २०१९ मध्ये सिद्ध झाले. जगभरातील नमुने तपासता या शाखा पाश्चात्त्य वळणाच्या आहारापासून दूर असलेल्या समाजांत अधिक प्रमाणात आणि एकत्र नांदताना आढळल्या. जिवाणूवर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा कायमचा शिक्का मारता येत नाही, हे उंदराच्या साक्षीचे सार आहे.

पुण्यातील पडताळणी

हा जिवाणू आपल्याशी संबंधित आहे का? तो अगदी निकटचा आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या गटाने २०१६ मध्ये भारतीय व्यक्तींच्या नमुन्यांची तुलना अन्य देशांतील नमुन्यांशी केली, तेव्हा भारतीय आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या दोन प्रजातींचे प्राबल्य दिसून आले. मेगास्फेराच्या एका जातीला तर ‘मेगास्फेरा इंडिका’ असे आपल्या देशाचेच नाव मिळाले आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था आणि पेशी विज्ञान केंद्र येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले.

धान्य व भाज्या यांवर पोसलेल्या शरीरात प्रिव्होटेला मुबलक असतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. पिढ्यानुपिढ्या ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा आणि मूग खाणाऱ्या कुटुंबांत त्याचे प्राबल्य असणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा की आता त्याच आतड्यापुढे मैद्याची बिस्किटे, तळलेले फरसाण, बेकरीचे पदार्थ आणि पिठीसाखर रोज येऊ लागली, तर स्वीडनचा निकाल लागू होईल की डेन्मार्कचा? याचे उत्तर उंदीर देऊ शकत नाही. परंतु प्रश्न त्यानेच आपल्यापुढे ठेवला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही.

पुण्यातीलच दुसरा एक प्रयोग मराठवाड्याच्या मनाला अधिक भिडणारा आहे. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे उंदराची विस्टार नावाची मोठी जात वापरली होती. या उंदरांच्या तब्बल ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवण्यात आल्या होत्या. पिल्ले कमी वजनाची जन्मत, तरीही त्यांच्या पोटात मेद अधिक असे आणि इन्सुलिनचा प्रभाव मंद असे. प्रयोगात मधुमेह होण्याची त्यांची प्रवणता सामान्य उंदरांच्या आठपट निघाली. पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही हा दोष गेला नाही.

या उंदरांच्या रक्तात ‘एंडोटॉक्सिन’ या द्रव्याचे प्रमाणही अधिक आढळले. हे द्रव्य विशिष्ट जिवाणूंच्या आवरणाचा भाग असते. मेदयुक्त आहाराने ते आतड्यातून रक्तात झिरपते, त्यामुळे शरीरात मंद दाह राहतो आणि इन्सुलिनचे काम अडते, हे कानी यांच्या गटाने २००७ मध्येच उंदरांत दाखवले होते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून ज्या पिढीने दिवस काढले, तिची नातवंडे आज भरल्या ताटासमोर बसली आहेत. उंदरांवरून माणसांचे भाकीत करणे योग्य नव्हे. तरीही उपासमारीच्या पाठोपाठ आलेली सुबत्ता सावधपणे स्वीकारावी, इतका इशारा त्यातून घेण्यास हरकत नाही.

साक्षीची मर्यादा

साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याने जे पाहिले तेवढेच तो सांगतो. प्रयोगशाळेतील उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जणू एकाच साच्यातला असतो, रोज तेच खाद्य खातो, तेवढ्याच उजेडात राहतो. घाटनांदूरमधील माणूस सणाला पुरणपोळी खातो, पर्युषणात उपवास करतो, सुगीत राबतो आणि आजारात प्रतिजैविके घेतो. उंदरातील निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

विष्ठा खाण्याच्या सवयीमुळे उंदराला आणखी एक लाभ होतो. मोठ्या आतड्यातील जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. पण ते शोषण्याची जागा त्याआधीच्या लहान आतड्यात आहे. उंदीर विष्ठेतून ते पुन्हा पोटात घेतो. माणसाच्या बाबतीत ते वाया जाते. म्हणून ‘आपल्या आतड्यात बी-१२ तयार होतेच, मग शाकाहाऱ्याला चिंता कशाची?’ हा युक्तिवाद टिकत नाही. पुण्यातील डॉ. याज्ञिक यांच्या संशोधनात या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. शाकाहारी कुटुंबांनी, विशेषतः गर्भवती स्त्रियांनी व ज्येष्ठांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची तपासणी करून घेणे हिताचे.

दुसरे उदाहरण आपल्या रात्रिभोजनत्यागाशी संबंधित आहे. वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की आतड्यातील जिवाणूंनाही दिनमान असते. जेवणाच्या वेळा विस्कटल्या की त्यांची लय बिघडते आणि उंदराची साखर पचवण्याची क्षमता कमी होते. हे वाचून कोणी असे म्हणेल की रात्री न जेवण्याचे व्रत उंदराने सिद्ध केले. पण उंदीर निशाचर आहे. रात्री खाणे हाच त्याचा नियम, आणि दिवसा खायला लावले की त्याची लय बिघडते. त्यातून घेण्यासारखे तत्त्व एवढेच की जेवणाची वेळ नियमित आणि त्या त्या प्राण्याच्या जागृतीच्या काळात असावी. व्रताचा आधार संयम आणि जीवदया हा आहे. त्याला उंदराच्या शिफारसपत्राची गरज नाही. विज्ञानाला आपल्या सोयीचे बोलायला लावणे हाही असत्याचाच एक प्रकार होय.

ऋण

या सर्व ज्ञानाची एक किंमत आहे आणि ती उंदराने चुकवली आहे. मेद मोजण्यासाठी, यकृत तपासण्यासाठी यांतील बहुतेक प्राण्यांचा जीव घेतला गेला. पंचेंद्रिय जीवाच्या वधावर उभे असलेले ज्ञान स्वीकारताना जैन मनाला अस्वस्थ वाटते, आणि तसे वाटले पाहिजे. सूक्ष्म जीवांनाही जपणारी परंपरा पिंजऱ्यातील उंदराकडे पाहून गप्प राहू शकत नाही.

भारतात प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समिती नेमलेली आहे, आणि १९९८ च्या नियमांनी संस्थांना नोंदणी व पूर्वपरवानगी बंधनकारक केली आहे. ब्रिटनमधील रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली, ती आज जगभर मानली जातात. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधावा. प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी. वेदना कमीत कमी व्हाव्यात अशी पद्धत निवडावी. कृत्रिम आतड्याची प्रतिरूपे, पेशींवरील प्रयोग आणि स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या माणसांचे अभ्यास वाढत आहेत. जवाच्या पावाचा प्रयोग मुळात माणसांवरच झाला होता आणि त्यात कोणाचा जीव गेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या पर्यायांचा आग्रह धरणे, त्यांसाठी दान देणे आणि विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना त्या दिशेने प्रोत्साहन देणे, हे समाजाला करता येण्याजोगे काम आहे.

आणि जे ज्ञान आधीच मिळाले आहे, त्याचे काय? ते नाकारल्याने गेलेला जीव परत येत नाही. ते चुकीचे वाचून जाहिरातीच्या हाती सोपवणे हा मात्र त्या जीवाचा दुसऱ्यांदा अवमान आहे.

ताटापाशी परत

मग घरी करायचे काय? प्रथम, ‘चांगल्या जिवाणूंच्या’ कॅप्सूलने मधुमेह जाईल या आशेवर चालू औषधे बंद करू नयेत. उंदरात सिद्ध झालेली गोष्ट माणसात औषध म्हणून सिद्ध व्हायला मोठी वाट चालावी लागते. दुसरे, साध्या सर्दी-पडशाला स्वतःहून प्रतिजैविके घेऊ नयेत. ती रोगजंतूंबरोबर आतड्यातील वस्तीही उद्ध्वस्त करतात. आणि डॉक्टरांनी दिलेली असतील तर अर्ध्यावर सोडू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत विस्मृतीत गेलेली. जिवाणूंना तंतुमय पदार्थ हवे असतात. पाश्चात्त्य पुस्तकांत यासाठी कांदा-लसणाची नावे वारंवार येतात, म्हणून जैन गृहिणीने संकोचण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी, सालीसकट मूग, तूर, हरभरा, जवसाची व कारळाची चटणी, भोपळा, दोडका, गवार, केळे, हे सर्व त्याच कामाचे आहे आणि बाजारात नेहमी मिळणारे आहे. कॅप्सूलच्या एका डबीच्या पैशात काही आठवड्यांची ज्वारी येते, हा हिशेब मांडायला कोणत्याही पदवीची गरज नाही. आधीच मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा विकार असलेल्यांनी आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.

घाटनांदूरच्या एखाद्या घरात आजी अजूनही चुलीवर भाकरी थापत असेल आणि शेजारी नातू बिस्किटाचा पुडा फोडत असेल. दोघांच्या आतड्यांत कदाचित त्याच जातीचे जिवाणू असतील. ते हितकर ठरतील की अपकारी, याचा पुष्कळसा निर्णय दोघांच्या हातातील घासावर आहे. आजीच्या तव्यावरची एक भाकरी नातवाच्या ताटात गेली, तर पिंजऱ्यातल्या त्या मूक साक्षीदाराचे ऋण थोडे तरी फिटेल.